सोन्याची नाल आणि आमच्या सासूबाई

“नाल लोखंडाची लागते. ती पण काळ्या घोड्याची. हे खडे लावलेलं काय करणारेस?”

मॉस्कोच्या इझमायलोवो बाजारात, भर गर्दीत, सासूबाईंनी हे विचारलं आणि मला त्याचं धड उत्तर देता आलं नाही. सांगायचं तर आख्खी कादंबरी सांगावी लागली असती, आणि टूरवाल्यांनी खरेदीला पाऊण तासच दिला होता. (क्रेमलिनलाही तेवढाच. पीटर्सबर्गच्या तीन दिवसांतलं मला फक्त हर्मिटाज संग्रहालयात दुखलेले पाय आठवतात.)

कादंबरी म्हणजे रशियन लेखक बुल्गाकोवची ‘मास्टर आणि मार्गारिटा’. मी कॉलेजात इंग्रजीतून वाचली आणि तेव्हापासून वेडी आहे. बुल्गाकोव १९४० साली गेला आणि ती मासिकात छापून आली १९६६-६७ मध्ये, तीही काटछाट करून. सैतान मॉस्कोत येतो आणि धुमाकूळ घालतो, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. दागिन्यांचं मात्र कोणी बोलत नाही. सैतान ज्या पन्नास नंबरच्या बिऱ्हाडात मुक्काम टाकतो, ते मुळात एका सराफाच्या विधवेचं असतं. तिच्या कामवालीनं बाईचे पंचवीस मोठे हिरे मऊ चामड्याच्या पिशवीत घालून छातीशी बाळगले होते, अशी इमारतीत वदंता. हे वाचताना मला दर वेळी सासूबाईंचा बटवा आठवतो. विमानात बसायच्या आधी पाटल्या काढून त्या बटव्यात गेल्या आणि बटवा ब्लाउजमध्ये. रूबलही त्यातच, कारण आपली कार्डं तिथे चालत नाहीत. काहीही घ्यायचं तर आधी सासूबाईंनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं.

ते बिऱ्हाड खरंच आहे. बोल्शाया सादोवाया रस्ता, १० नंबरची इमारत. बुल्गाकोव १९२१ साली तिथे राहायला आला. आता तिथे संग्रहालय आहे. आदल्या दिवशी सिटी टूर बुडवून मी सासूबाईंना घेऊन तिकडे गेले. जिन्याच्या भिंती वाचकांनी लिहून, चित्रं काढून भरून टाकलेल्या. एरवी मला असलं लिहिणाऱ्यांचा राग येतो, इथे आला नाही. सासूबाई कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत चढल्या. मी मात्र पायऱ्यांकडेच बघत होते. याच जिन्यात कादंबरीच्या नायिकेच्या, मार्गारिटाच्या हातून ती नाल पडते.

नाल म्हणजे सैतानानं तिला त्याच्या घरच्या नाचाच्या रात्रीनंतर दिलेली भेट: छोटीशी, सोन्याची, हिऱ्यांनी मढवलेली. तिच्या झग्याला खिसा नसतो म्हणून ती नाल रुमालात घालून स्वतःच गाठ मारते. (जगभरच्या शिंप्यांचं बायकांच्या खिशांशी काय वाकडं आहे कळत नाही.) ती जिन्यात पडते आणि सापडते कोणाला, तर शेजारच्या अन्नुश्काला. हीच ती बया, जिनं सुरुवातीला सूर्यफुलाचं तेल सांडलेलं असतं, ज्यावरून एक संपादक घसरून ट्रामखाली जातो. नाल हातात पडताच ती हिशोब मांडते: करवतीनं तुकडे करावेत, की खडे उचकटून एकेक वेगळ्या ठिकाणी विकावा? तेवढ्यात सैतानाचा माणूस तिची मानगूट धरतो.

तर बाजारात एका मुलीच्या टेबलावर हे सगळं दागिन्यांच्या रूपात मांडलेलं होतं. सैतानाच्या टोळीतल्या काळ्या बोक्याची कानातली, त्याच टोळीतल्या एकाचा तडकलेल्या भिंगाचा चष्मा, मास्टरच्या टोपीवरचा पिवळा ‘म’. आणि अंडाकृती चौकटीतला काळा पूडल कुत्रा! नाचाच्या रात्री मार्गारिटाच्या गळ्यात जाडजूड साखळीनं हाच अडकवतात. त्याच्या ओझ्यानं तिची मान सोलून निघते, ती वाकते. मी हावरटासारखा उचलला, तर बाटलीच्या बुचाएवढं वजन. माझा विरसच झाला. फोनवर भाषांतराचं ॲप काढून लिहिलं, “फार हलका आहे. तो जड असतो.” तिनं वाचलं, हसली, आणि लिहून दाखवलं, “जड केला तर कोणी घेत नाही.”

यावर काय बोलणार.

शेवटी नाल घेतली. नखाएवढी, चांदीची, वर सोन्याचं पाणी, बारीक पांढरे खडे. बत्तीसशे रूबल. तिनं भिंगातून शिक्का दाखवला: एका बाईचं डोकं, त्यावर जुना रशियन मुकुट. सासूबाईंनी भिंग हिसकावूनच घेतलं. दागिन्यांच्या बाबतीत त्यांना रशियाबद्दल पहिल्याच दिवशी राग आला होता, कारण दुकानांच्या काचेत सोन्याच्या शुद्धतेचा आकडा सगळीकडे ५८५ लिहिलेला. आपल्याकडे ९१६ आणि यांच्याकडे ५८५? “म्हणजे जवळजवळ अर्धं तांबंच की!” तिथल्या सोन्याला लालसर झाक कुठून आली तेही त्यांनी मला समजावलं. शिक्क्यातल्या बाईला मात्र त्यांनी पास केलं. मग भिंतीकडे वळल्या, पैसे काढले, आणि म्हणाल्या, “मी देते. साडेसाती तुला आहे.”

मी गळ्यात घालीन असं वाटलं होतं. दोनदा घातली. ऑफिसात एकीनं विचारलं, “घोडेस्वारी शिकतेस का?” मग ती नाल देवघराशेजारच्या खिळ्यावर गेली, काळ्या दोऱ्यात. मी नाही टांगली.

परवा शनिवारी स्वयंपाकघरातून आले तर सासूबाई वातीनं तिला तेल लावत होत्या. म्हटलं, “आई, पाणी उडेल ना सोन्याचं, आणि चांदी काळी पडेल.”

“पडू दे. शनीला काळंच चालतं.”

“तेल कुठलं घेतलंत?”

“सूर्यफुलाचं. घरात दुसरं आहे का कुठलं?”

वाटीतलं थोडं फरशीवर सांडलं होतं. मी आधी फडकं आणायला धावले.