नो डफ

मुलीला एअर कॅडेट्सच्या (ब्रिटिश हवाई दलाशी जोडलेल्या, मुलामुलींच्या संघटनेच्या) परेडला सोडायचं आणि दोन तास गाडीत बसून राहायचं, असं वर्षभर चाललं होतं. एकदा तिथल्या एक बाई काचेवर टकटक करून म्हणाल्या, "बसलाच आहात, तर आत येऊन चहा तरी करा." त्या चहापायी मी सिव्हिलियन इन्स्ट्रक्टर, म्हणजे तिथला बिनवर्दीचा शिक्षक झालो, आणि गेल्या ऑक्टोबरात फील्डक्राफ्ट, म्हणजे रानात लपण्याची, सरपटण्याची विद्या, शिकवण्याची पात्रता मिळवायला इंग्लंडातल्या नॉरफोकमध्ये थेटफर्डजवळच्या पाइनच्या जंगलात जाऊन पडलो. वय ४६, धंदा सॉफ्टवेअरचा. जंगलाचा अनुभव म्हणाल, तर भीमाशंकरच्या दोन सहली.

सकाळी माझा पहिला पाठ होता: वस्तू नजरेला का पडते. आकार, सावली, आकाशाच्या कडेवर उठून दिसणारी आकृती, चकाकी, सारख्या अंतरावर उभं राहणं, आणि सगळ्यांत घातक म्हणजे हालचाल. वीस मिनिटं मी रंगून बोललो. परीक्षक लष्करातून निवृत्त झालेला सार्जंट. त्याने शांतपणे विचारलं, "आणि पोरं हे करणार कधी?" समजावणं, करून दाखवणं, सोबत करून घेणं, मग सराव, असा तिथला क्रम, सर्वांत जास्त वेळ सरावाला. मी पहिल्याच पायरीवर मांडी ठोकून बसलो होतो.

संध्याकाळी दोन झाडांमध्ये ताडपत्री बांधून निवारा केला. ब्रिटिश फौजेत त्याला 'बाशा' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशच्या आघाडीवरून त्यांनी उचललेला हा आपल्याकडचा शब्द. तो शब्द ते मलाच समजावून सांगत होते!

रात्री कॅडेट आले, एकूण बारा. डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि पांढऱ्या टॉर्चच्या एका झोताने ती कमाई जाते. अंधारात वस्तूकडे थेट न बघता किंचित बाजूला बघायचं, कारण नजरेच्या मधल्या भागाला मंद उजेडात दिसत नाही. हे या वेळी तीन मिनिटांत सांगितलं आणि त्यांना कामाला लावलं. मी पहारेकरी. त्यांनी शंभर मीटरवरून सरपटत माझ्याजवळ यायचं. आवाज आला, की मी तिकडे बोट दाखवणार. सापडला तो बाद. "शिट्टी होईपर्यंत कुणीही उठायचं नाही," असं बजावलं.

फांदी मोडली, कुणी शिंकलं, कुणाला हसू फुटलं. पाठोपाठ सगळे बाद. पाठ जमल्याच्या आनंदात मी ओरडलो, "चला, संपलं, रांगेत या!"

मोजले. अकरा.

पुन्हा मोजले. अकराच. नावं घेतली, तेव्हा कळलं कोण नाही ते: सर्वांत लहान, तेरा वर्षांची मुलगी. पोटात खड्डा पडला. लोकांनी विश्वासाने सोपवलेलं पोर, आणि मी अंधारात ते हरवून बसलो.

"नो डफ" हा शब्द सकाळीच शिकवला होता. सरावाचा भाग नाही, खरीखुरी अडचण आहे, असा त्याचा अर्थ. रेडिओवर तो उच्चारताना आवाज कापला. क्षणात सगळं थांबलं. अकराही जण जागीच बसले, पांढरे टॉर्च लागले, इन्स्ट्रक्टर ओळीने झुडपं धुंडाळू लागले. मी तिचं नाव घेऊन हाका मारत होतो. उत्तर नाही.

सार्जंट माझ्याजवळ आला. "शिट्टी कुठंय तुझी?"

खिशात होती. वाजवली.

माझ्या बुटांपासून चार पावलांवरची वाळकी नेची हलली आणि चेहराभर काजळी फासलेली ती मुलगी उठून उभी राहिली. हाका ऐकल्या होत्या तिने. पण मी तिला फसवून उठवायला बघतोय, असं तिला वाटलं होतं.

"सर," दात वाजत असताना तिने विचारलं, "मी जिंकले ना?"

सार्जंटने वहीत काहीतरी खरडलं. तो पाठ मला पुढच्या महिन्यात पुन्हा द्यावा लागला. शिट्टी तेव्हापासून गळ्यात असते.