पोंटूनवरचे डाग आणि कॉस्टिकची चूक

हुक्केरी तालुक्यातील हिडकल जलाशयाचे पाणी मे महिन्यात खाली गेले की माझा भाचा आपला तराफा काठावर ओढून घेतो. अॅल्युमिनियमचे दोन लांब पोंटून, म्हणजे तरंगणारे पोकळ नळे, आणि त्यांवर फळ्यांचा मंच, असे ते साधे वाहन आहे. वर्षभर पाण्यात राहिल्यामुळे पोंटूनच्या खालच्या भागावर शेवाळाचा हिरवट-तपकिरी थर, त्याच्या वर पाण्याच्या पातळीची पांढुरकी रेघ आणि जागोजागी तांबूस मातीचे डाग बसतात. गेल्या वर्षी ते साफ करण्याचे काम त्याने माझ्याकडे सोपवले, कारण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मी तीस वर्षे फॅब्रिकेशन केले आहे. आणि त्याच अनुभवाच्या भरवशावर मी पहिल्याच दिवशी चूक केली.

कारखान्यात अॅल्युमिनियमचा पत्रा आम्ही कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवत असू आणि शेवटी तो एकसारखा, मंद पांढरा होऊन हाती येई. तीच युक्ती मी उजव्या पोंटूनच्या मागच्या टोकावर केली. पृष्ठभाग फेसाळला, शेवाळ सुटले, आणि पाणी मारल्यावर खाली काळाकुट्ट पत्रा दिसला. चहा घेऊन आलेली माझी थोरली बहीण एवढेच म्हणाली, "अरे, जर्मन हाय ते. राखेनं घासलं की पातेलं काळं पडतंय, ठाऊक नाही व्हय तुला?"

आमच्याकडे अॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात, आणि आक्काचे म्हणणे रसायनशास्त्राला धरूनच होते. अॅल्युमिनियमला गंजापासून वाचवतो तो त्याच्याच ऑक्साइडचा थर, ज्याची जाडी मिलिमीटरचा लाखावा हिस्साही भरत नाही. राख, धुण्याचा सोडा, कॉस्टिक हे सारे अल्कधर्मी पदार्थ हा थर विरघळवतात आणि मग खालच्या धातूलाच खाऊ लागतात. मी पाहिलेला फेस म्हणजे त्यातून सुटणारा हायड्रोजन होता. बेळगावकराने तरी हे विसरायला नको होते, कारण आपल्या शहरातल्या हिंडाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइट या खनिजातून अॅल्युमिना, म्हणजे हेच ऑक्साइड, वेगळा काढतात तो गरम कॉस्टिकमध्ये विरघळवूनच, आणि ही बायर यांची पद्धत १८८८ पासूनची आहे. काळेपणाचे कारण वेगळे आहे. मिश्रधातूतले लोह, सिलिकॉन वगैरे घटक कॉस्टिकमध्ये विरघळत नाहीत, ते काजळीसारखे मागे राहतात. कारखान्यात ही काजळी नायट्रिक आम्लाच्या दुसऱ्या टाकीत निघून जाई. जलाशयाच्या काठी ती दुसरी टाकी नव्हती, हे माझ्या ध्यानात आले नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही स्वयंपाकघराची वाट धरली. काळे पडलेले जर्मनचे पातेले चिंचेच्या पाण्याने उकळून उजळवतात, तेच तत्त्व येथेही चालते, फक्त चिंचेऐवजी किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल) घेतले: दहा लिटर पाण्यात सुमारे तीनशे ग्रॅम. खरे तर अर्धे काम आम्लाआधीच होते. शेवाळ ओले असतानाच निघते, वाळले की सिमेंटसारखे धरते. म्हणून तराफा काठावर आल्या दिवशीच पाण्याचा जोरदार फवारा आणि नायलॉनचा ब्रश वापरावा. तारेची घासणी मात्र टाळावी, कारण तिचे लोखंडी कण अॅल्युमिनियममध्ये रुततात, गंजतात आणि आपल्याभोवती खड्डे पाडतात.

पांढऱ्या रेघेवर थोडे व्हिनेगर टाकून पाहिले. ते फसफसले, म्हणजे तो चुन्याचा थर होता, आणि लिंबूसत्त्वाला तो सहज वश झाला. तांबूस डाग चिवट निघाले. तेवढ्यांवर ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण लावले. हे आम्ल विषारी आहे, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा हवेतच. द्रावण सावलीत, आधी भिजवलेल्या पत्र्यावर, खालून वर लावत जावे, कारण वरून लावल्यास कोरड्या भागावर ओघळ उतरतात आणि त्यांच्या रेघा नंतर निघत नाहीत. पाच-सात मिनिटांत, वाळू न देता, भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. शौचालय साफ करण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नये, त्याने पत्र्याला बारीक खड्डे पडतात; आणि कोणत्याही आम्लाजवळ ब्लिचिंग पावडर आणू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

हे सारे आम्ही काठापासून दूर केले आणि धुवण एका खड्ड्यात जिरवून त्यावर चुना टाकला. बेळगाव शहराला प्यायचे पाणी राकसकोप जलाशयाप्रमाणे हिडकलमधूनही मिळते, तेव्हा ही खबरदारी ऐच्छिक नव्हती.

भाच्याला आरशासारखी चकाकी हवी होती. मी नकार दिला, कारण पॉलिश केलेले उघडे अॅल्युमिनियम पाण्यात पुन्हा मंदावते आणि दर वेळी थोडा धातू झिजतो. त्याऐवजी प्रत्येक पोंटूनला मॅग्नेशियमचा बळी-तुकडा बसवला. गोड्या पाण्यात जस्तापेक्षा तो अधिक उपयोगी पडतो, पत्र्याच्या आधी स्वतः झिजतो. उजव्या पोंटूनच्या मागच्या टोकाला तळहाताएवढा काळपट डाग अजून आहे. तो घासून काढायला भाचा दोनदा निघाला होता, पण कॉस्टिकने आधीच खाल्लेला तो पत्रा मी आणखी पातळ होऊ दिला नाही.