बंडी उलार होऊ नये म्हणून

परदेशात राहणाऱ्या नागपूरकराच्या घरी एक लटकता वजनकाटा सापडतोच. आमचा सीताबर्डीवरून घेतलेला. बॅग 23 किलोच्या वर गेली की आईच्या हातचं तिखट काढायचं की नवऱ्याची पँट, एवढंच ठरवायला तो आजवर वापरला (पँट निघते). यंदा मे महिन्यात त्याला खरं काम लागलं. आम्ही इंग्लंडात लीड्सला राहतो; तिथून हेल्म्सलीला, नॉर्थ यॉर्क मूर्स या माळरानाच्या कडेला, आठवडाभर कॅरव्हॅन घेऊन गेलो. मोठा सहा वर्षांचा, धाकटी अडीच.

कॅरव्हॅन म्हटलं की आपल्याकडे लोकांना इंजिनवाली लांबलचक गाडी वाटते. आमची तशी नाही. दोन चाकांवरचं छोटं घर, तेही सेकंडहँड, आणि ते आपल्याच कारच्या मागे अडकवून ओढायचं. चालत्या कॅरव्हॅनमध्ये माणूस बसवायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे "पोट्टे मागं झोपून येतील आरामात," हा आईचा बेत पहिल्याच फोनवर मोडला. पोरं कारमध्ये, आपापल्या सीटवर, पट्ट्यात.

बेत ठरताच मी यादी करायला बसले. नवऱ्याने मात्र आधी कॅरव्हॅनच्या दाराजवळची पाटी वाचली. जास्तीत जास्त वजन 1,300 किलो, रिकामं 1,155. म्हणजे आमच्या हातात 145. त्यातून बॅटरीचे 20 गेले, भरलेल्या गॅस सिलेंडरचे 15 आणि ऑनिंगचे, म्हणजे दाराला जोडायच्या तंबूचे, 25. उरले 85. चार जणांना विमानात 92 किलो मिळतात हो! इथे भांडी, अंथरूण-पांघरूण, डाळ-तांदूळ, सगळं धरून त्याहून सात किलो कमी. आठवडाभर आमच्या स्वयंपाकघरात तो काटा दाराच्या कडीला लटकत होता आणि त्याला कधी कुकर, कधी चादरी, कधी धाकटीचं पॉटी. लोखंडी खलबत्ता 4 किलो भरला. त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही. खलबत्ता घरी राहिला.

हे सगळं मी बाबांना रडगाण्यासारखं सांगत होते. नागपुरात नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते तापलेले नऊ दिवस, सुरू होता, ते कुलरसमोर बनियनवर बसलेले. त्यांना किलोचं काही वाटलं नाही. त्यांनी विचारलं, "वजन ठेवलं कुठं पण? बंडी उलार तर नाही होऊन राहिली?"

मी गप्पच झाले. शहरात वाढलेल्यांसाठी सांगते: बंडीत, म्हणजे बैलगाडीत, मागे जास्त माल पडला की पुढची बाजू वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून उठतं, ती उलार. सगळं पुढे रचलं तर बैलाची मान मोडते. बाबांचं लहानपण काटोलकडच्या शेतावर गेलं, त्यांना हे शिकावं लागलं नाही. कॅरव्हॅनच्या पुस्तिकेत याच गोष्टीवर चार पानं आहेत. कारच्या हुकवर पडणारं वजन एकूण वजनाच्या साधारण 5 ते 7 टक्के असावं. आमच्यासाठी ते 65 ते 91 किलो, पण कारचा हुक 75 च्या वर घेत नाही. मागचा भार वाढला की कॅरव्हॅन वेगात शेपटीसारखी डुलायला लागते आणि कारलाही डुलवते.

बाथरूममधला वजनकाटा पुढच्या दांड्याखाली लाकडाचा ठोकळा घालून ठेवला. 48 किलो! मी तांदूळ, कडधान्यं आणि कुकर मागच्या कपाटात रचले होते, तिथे जागा मोठी म्हणून. आमची बंडी उलार होती. सगळं उपसलं. जड ते खाली, चाकांच्या बरोबर वर. वरच्या कपाटांत फक्त टॉवेल आणि बिस्किटं. मग 70 भरले. बाबांना फोटो पाठवला, त्यांनी उत्तरादाखल फक्त अंगठा टाकला.

आईचे प्रश्न निराळे. "संडासपण सोबत नेता? अन् मग तो खाली कोण करते?" जावई. मलपात्राची पेटी बाहेरून ओढून काढायची, साइटवर ठरलेल्या जागी ओतायची, धुवायची, निळं औषध घालून परत बसवायची. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चांगला आहे बाई मुलगा."

विजेचं मात्र तिला झटक्यात कळलं. आमच्या साइटवर 10 अँपिअर मिळणार होते, म्हणजे 2,300 वॉटच्या आसपास. घरची केटलीच 3,000 ची. कुलर, मोटर आणि इस्त्री एकदम लावली की काय होतं हे नागपूरकराला मे महिन्यात कुणी शिकवत नाही. हजार वॉटची बारकी केटली घेतली. चहा उशिरा होतो, पण दिवे जात नाहीत.

पोरांसाठी सगळ्यात कामाला आली ती रंगीत तालीम. निघायच्या आधीच्या शनिवारी आम्ही कॅरव्हॅन दारातच लावून तिच्यात झोपलो. कैची, काडेपेटी, दुधाचं भांडं राहिलंय हे तेव्हाच कळलं. गॅसचं बटण धाकटीच्या हाताला येतं हेही, त्यामुळे नंतर सिलेंडर बाहेरूनच बंद ठेवायची सवय लावली. मेअखेर इथे साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणून खिडकीचे पडदे क्लिपा लावून घट्ट करावे लागले. रात्री एकला धाकटी उठली आणि "घरी जायचं" म्हणून रडायला लागली. घर दहा पावलांवर होतं. आम्ही दोघी गेलो आणि मस्त झोपलो. पुढच्या शनिवारी ही सोय नव्हती, म्हणून तिची उशी आणि मळकी गोधडी यादीत सगळ्यात वर आली.

कपडे चारच जोड घेतले, साइटवर मशीन असतं. उन्हाची टोपी आणि लोकरीची टोपी दोन्ही घेतल्या, एकाच दिवशी दोन्ही लागल्या. गमबूट प्रत्येकाचे. खेळण्यांना मोठ्याला एक पिशवी दिली आणि काट्यावर दोन किलोची खूण दाखवली. त्याने पिशवीत दगड भरून बरोबर दोन किलो केले. खाण्यात भाजलेला रवा फोडणी घालून, पोहे, दाण्याचे लाडू. तर्री, म्हणजे पोह्यांवरचा झणझणीत रस्सा, घरून करून फ्रीझरमध्ये गोठवून नेली, ती वाटेत बर्फाचंही काम करते.

निघाल्यावर नकाशाने आम्हाला थर्स्कवरून जवळचा रस्ता दाखवला. त्या रस्त्यावर सटन बँकचा घाट आहे, चारास एक चढ, आणि तिथे कॅरव्हॅनला मनाई आहे. नवऱ्याने हे आदल्या रात्री शोधून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर पायथ्याशी उलटं वळवायला लागलं असतं. यॉर्ककडून वळसा घेतला. कॅरव्हॅन ओढताना साध्या रस्त्यावर ताशी 50 मैल आणि मोटरवेवर 60, त्यामुळे मागे वरात लागते. लाज पहिल्या अर्ध्या तासात जाते.

पोहोचलो, चाकं टेकवली, ऑनिंग उलगडलं, खुंट्या काढल्या आणि हातोडा नव्हता. 85 किलोंचा हिशेब, एकेक चमचा तोललेला, आणि हातोडा लीड्सला. "खलबत्ता आणला असता तर..." एवढंच मी म्हणाले. नवरा शेजारच्या कॅरव्हॅनमधल्या आजींकडे गेला, त्यांनी मागायच्या आधीच रबरी हातोडा पुढे केला.

हातोडा म्हणजे काही भांडं नव्हे, पण उसनी वस्तू रिकाम्या हाताने परत करायला मला जमेना. संध्याकाळी मोठ्याच्या हाती हातोडा आणि सहा लाडू पाठवले. तेवढीच बंडी हलकी झाली.