तुम्ही विचारलेत म्हणून: तैवानमध्ये शाकाहारी माणसाने जेवायला कुठे जावे?

तैवानमधल्या शिनचू शहराच्या विज्ञान उद्यानात नोकरीसाठी किंवा छिंगह्वा विद्यापीठात शिकण्यासाठी येऊ घातलेली मराठी मंडळी मला हमखास विचारतात, "आम्ही मांस-मासे खात नाही, मग तिथे बाहेर काही मिळेल का, की रोज घरीच शिजवावे लागेल?" कुकर आणि डाळी जरूर आणा. पण पहिल्याच आठवड्यात भारतीय उपाहारगृह शोधत बसण्याऐवजी घराजवळची तैवानी शाकाहारी खानावळ शोधा, असे मी मनापासून सांगतो.

ती ओळखणे अवघड नाही. पाटीवर 'सू' (素), म्हणजे शाकाहार, हे चिनी अक्षर असते आणि पुष्कळदा शेजारी डावीकडे वळलेले स्वस्तिकही असते, कारण इथला शाकाहार बौद्ध आणि ईक्वानताओ या पंथांच्या आचारातून आलेला आहे. ईक्वानताओवर 1987 पर्यंत सरकारी बंदी होती. आज अनेक शाकाहारी खानावळी याच पंथाचे लोक श्रद्धेने चालवतात. एरवी मांस खाणारी माणसेही चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहार पाळतात. त्यांचा महिना आपल्याप्रमाणेच अमावास्येच्या सुमारास सुरू होत असल्यामुळे पंधरावी तिथी म्हणजे पौर्णिमाच. त्या दिवशी खानावळीत गर्दी असते, पण पदार्थही जास्त असतात, म्हणून पहिल्यांदा जायचे असेल तर मी तोच दिवस सुचवतो.

आत गेल्यावर कागदी डबा आणि चिमटा घ्यायचा आणि लांबलचक टेबलावर मांडलेल्या तसराळ्यांतून हवे ते आपल्या हाताने वाढून घ्यायचे. रताळ्याचा कोवळा पाला, नाळीची भाजी, आले घालून शिजवलेले घोसाळे, आपल्याकडे सहसा न दिसणारे पांढरे कारले, चार-पाच प्रकारची अळंबी आणि सोयाबीनचे टोफूपासून वाळवलेल्या सायीपर्यंत अनेक अवतार तिथे असतात. शेवटी मावशी डबा तराजूवर ठेवतात आणि वजनावर पैसे सांगतात. भात वेगळा घ्यायचा, सूप बहुधा फुकट असते. वजनाचा हिशेब असल्यामुळे पालेभाज्या भरपूर घ्याव्यात, रसदार टोफू बेताने. या जेवणात तिखट जवळजवळ नसते आणि फोडणी तर नसतेच, त्यामुळे सुरुवातीला ते सपक वाटेल. थोडे दिवस धीर धरा, कारण भाजीची मूळ चव इतकी स्वच्छ राखणारा स्वयंपाक मी दुसरीकडे क्वचितच खाल्ला आहे.

या शाकाहाराचे नियम मात्र आपले नाहीत आणि ते समजून घेतल्याशिवाय इथे मोकळेपणाने खाता येत नाही. कडक शाकाहारात कांद्याची पात, लसूण यांसारखे पाच उग्र पदार्थ वर्ज्य असतात. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या आपल्या घरांना यात नवल वाटणार नाही. नवल याचे, की जुन्या बौद्ध परंपरेतल्या त्या पाचांत हिंगही धरला जातो, जो आपण नेमका कांदा-लसणाच्या जागी वापरतो! वेष्टनावर शाकाहाराचे पाच प्रकार छापलेले असतात: पूर्ण शाकाहार, अंडे चालणारा, दूध चालणारा, दोन्ही चालणारा आणि पाच उग्र पदार्थ चालणारा. सेव्हन-इलेव्हनसारख्या कोपऱ्यावरच्या दुकानातही हे लेबल वाचण्याची सवय लावून घ्या. मांसासारख्या दिसणाऱ्या सोयाच्या पदार्थांत अंडे असू शकते, हेही लक्षात असू द्या.

शाकाहारी नसलेल्या ठिकाणी जास्त जपावे लागते. शिनचूच्या नगरदेवतेच्या मंदिराभोवती खाद्यपदार्थांची दाट वस्ती आहे आणि तिथे इथल्या जोरदार वाऱ्यावर वाळवलेल्या तांदळाच्या शेवया मिळतात. आपल्या आज्या उन्हाळ्यात खाटेवर शेवया वाळत घालत, त्याची आठवण व्हावी इतक्या त्या बारीक असतात. पण परतताना त्यांत सुकट किंवा डुकराचे मांस घालण्याची रीत आहे, म्हणून आधी "वो छ्र सू", म्हणजे मी शाकाहारी आहे, असे सांगा. विक्रेते बहुधा स्वतःच अंडे आणि कांद्याची पात चालते का ते विचारतात आणि जमणार नसेल तर स्पष्टपणे नाही म्हणतात. त्या नकारावर विश्वास ठेवावा.

विद्यापीठाचे सत्र सप्टेंबरमध्ये सुरू होते, म्हणजे तुमच्यापैकी बरेच जण बांबूच्या हिरव्या कोंबांच्या हंगामाच्या शेवटी येथे पोहोचाल. कोकणातल्या पावसाळी भाजीची सवय असलेल्यांनी ते उकडून थंड केलेले कोंब चुकवू नयेत. त्यांवर गोडसर मेयोनेज घालतात, तेव्हा अंडे चालत नसेल तर ते वगळायला आधीच सांगा.