‘गरज आहे’ एवढ्यावर परदेशी शिष्यवृत्ती का मिळत नाही

१९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला निघाले, तेव्हा बडोदा संस्थानाने त्यांना तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. सोबत एक करारही होता. शिक्षण झालं की दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. दीक्षाभूमीच्या शहरात शिष्यवृत्तीची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, कराराची फारशी आठवत नाही. नागपुरात बसून परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज लिहिणाऱ्याने आधी तो करार आठवावा. पैसे देणाऱ्याला त्या पैशातून काहीतरी घडवून हवं असतं. तुमची गरज खरी असेल, गुणही चांगले असतील, पण त्याला जे घडवायचं आहे त्यात तुम्ही कुठे बसता हे अर्जात दिसलं नाही, तर तो अर्ज बाजूला पडतो.

प्रत्येक शिष्यवृत्तीचा हेतू वेगळा असतो आणि तो तिच्या नियमांतच वाचता येतो. चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारच्या परराष्ट्र खात्याची. पुढे आपल्या देशात निर्णयाच्या जागी पोचतील आणि ब्रिटनशी संबंध ठेवतील अशी माणसं त्यांना हवी असतात. म्हणून तिथे नेतृत्व आणि लोकसंपर्क यांवर वेगळे निबंध मागतात आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतण्याची अट असते. जर्मनीच्या डाड या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची विकासविषयक शिष्यवृत्ती, जिला सगळे ईपॉस म्हणतात, तिला नुकता पदवीधर झालेला विद्यार्थी नको असतो. किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा आणि शेवटची पदवी साधारण सहा वर्षांपेक्षा जुनी नको. फुलब्राइट-नेहरू पदव्युत्तर शिष्यवृत्तीला पदवीत किमान ५५ टक्के आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो. इरास्मस मुंडस युरोपीय संघाची. तिच्यात महिन्याला १४०० युरो मिळतात आणि किमान दोन देशांत शिकावं लागतं, त्यामुळे ‘मला हाच अभ्यासक्रम दोन-तीन विद्यापीठांत का शिकायचा आहे’ याचं उत्तर तयार हवं.

या अटी एका ओळीत एकत्र ठेवल्या की एक गोष्ट उघड होते. शेवटच्या सेमिस्टरला बसलेल्या मुलामुलींसाठी यातली चारपैकी तीन दारं अजून बंद असतात. त्यामुळे खचून जाऊ नये. त्या दोन-तीन वर्षांत बुटीबोरीच्या कारखान्यात, मिहानमधल्या कंपनीत किंवा एखाद्या संस्थेत केलेलं काम हेच पुढे अर्जाचं भांडवल होतं. चेव्हनिंग दोन वर्षांचा अनुभव २८०० तासांत मोजते आणि त्यात अर्धवेळ काम, स्वयंसेवा, बिनपगारी इंटर्नशिपही धरते. आठवड्याला १५ तास स्वयंसेवा केली तर वर्षाचे साधारण ७५० तास होतात. म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत तारीख, तास आणि काय केलं हे लिहीत जावं. दोन वर्षांनी आठवून लिहिलेला आकडा मुलाखतीत टिकत नाही.

आता मनातल्या खऱ्या अडचणीकडे येऊ. दहावीपासून आपल्याला एकच हिशेब शिकवलेला असतो, टक्के आणि कट-ऑफ. टक्के जास्त तर जागा पक्की. इकडे टक्क्यांचं काम फाटकापुरतं असतं. आत गेल्यावर सगळ्यांचेच चांगले असतात. ‘माझे ७२ टक्केच आहेत, मला कोण देणार’ असं म्हणून कितीतरी जण फॉर्मच भरत नाहीत. त्यांनी आधी गणित मांडून बघावं. जर्मन विद्यापीठं आपले गुण एका सूत्राने त्यांच्या श्रेणीत बदलतात. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, आलेल्या आकड्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुण यांच्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. उत्तीर्ण व्हायला ४० लागत असतील तर ७२ टक्क्यांचे होतात २.४. तिथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. अनेक अभ्यासक्रमांची अट २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी अशी असते, म्हणजे ७२ टक्केवाला आत आहे. दहापैकी ८.२ सीजीपीए आणि उत्तीर्णतेला ४ असेल तर हाच आकडा १.९ येतो. मात्र फॉर्मवर गुण गुणपत्रिकेत आहेत तसेच लिहा. मागितल्याशिवाय स्वतः रूपांतर करून भरलं की तपासणाऱ्याला आकडे जुळत नाहीत आणि उगाच शंका येते.

दुसरी सवय बोलण्याची आहे. आपल्या घरात ‘मी केलं’ म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून निबंधात ‘आम्ही प्रकल्प केला’, ‘सरांच्या मार्गदर्शनाखाली काम पूर्ण झालं’ अशी वाक्यं येतात. नम्रता म्हणून ती शोभतात, पण चारजणांच्या प्रकल्पात तुम्ही नेमकं काय केलं हे वाचणाऱ्याला कळायला दुसरा मार्गच नसतो. तुम्ही सर्किट जोडलं असेल, गावात जाऊन ४० घरांची माहिती गोळा केली असेल, किंवा बिघडलेलं यंत्र दुरुस्त केलं असेल, तर तेवढंच ‘मी’ म्हणून लिहा. ती फुशारकी होत नाही. उरलेल्या तिघांचं श्रेय त्यांना देता येतंच.

निबंधाचं एक उदाहरण जवळून बघू, कारण सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडतात. समजा पर्यावरण अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी लिहिते: ‘माझं शहर प्रदूषणाने ग्रासलेलं आहे. लहानपणापासून मला पर्यावरणाची आवड आहे. आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठात शिकून मला देशाची सेवा करायची आहे.’ यात खोटं काही नाही. पण नागपूरच्या जागी कोल्हापूर टाका, पर्यावरणाच्या जागी आरोग्य टाका, परिच्छेद तसाच राहतो. निवड समितीच्या टेबलावर असे शेकडो परिच्छेद असतात.

तीच विद्यार्थिनी असंही लिहू शकते: ‘नाग नदी लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावते, शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते आणि ते पाणी पुढे वैनगंगेतून गोसीखुर्द धरणात पोचतं. सहा महिने मी दर दुसऱ्या रविवारी तीन ठिकाणचे नमुने घेतले आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांची बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन, मोजली. नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवावा लागतो. दोनदा मध्येच वीज गेली आणि ते नमुने टाकून द्यावे लागले. प्रदूषण किती आहे हे मला मोजता आलं, पण सांडपाणी कुठे अडवलं तर धरणाच्या पाण्यात किती फरक पडेल हे सांगता आलं नाही. त्यासाठी नदीच्या प्रवाहाचं गणिती प्रारूप करता यायला हवं आणि ते मला येत नाही.’

या परिच्छेदाला वजन येतं ते वीज जाऊन वाया गेलेल्या नमुन्यांमुळे आणि शेवटच्या कबुलीमुळे. ज्याने काम केलंय त्यालाच काय बिघडतं हे माहीत असतं. आणि ‘हे मला येत नाही’ हे वाक्य आलं की पुढचं सगळं आपोआप जुळतं: कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या विषयात ते शिकवतात, तिथे कोणत्या प्राध्यापकांचं त्यावर काम आहे, परत आल्यावर ते कुठे वापरणार. ‘परत येऊन देशाची सेवा करेन’ याऐवजी सांडपाणी प्रक्रियेचं नियोजन करणाऱ्या महापालिकेच्या विभागात किंवा नीरीसारख्या पर्यावरण संशोधन संस्थेत कोणत्या कामासाठी जायचं आहे ते लिहिलं तर करारातली तुमची बाजू पूर्ण होते. कापसावरची गुलाबी बोंडअळी, कोराडीच्या वीजकेंद्राची राख, संत्र्याची गळ, विदर्भात असे विषय पायलीला पन्नास आहेत. ज्याला तुम्ही खरोखर हात लावलाय तोच घ्या.

निबंध दुसऱ्याकडून किंवा एआयकडून लिहून घेण्याचा मोह आवरा. चोरलेला मजकूर तपासण्याची साधनं समित्यांकडे असतात, पण खरी पंचाईत मुलाखतीत होते. ‘हा दुसरा परिच्छेद जरा उलगडून सांगा’ असं म्हटल्यावर स्वतः न लिहिलेलं उलगडता येत नाही.

शिफारसपत्रांची गोष्ट याहून नाजूक. आपल्याकडे सर सहज म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ त्यांच्यावर कामाचा भार असतो, वाईट हेतू नसतो. पण अर्जदाराने लिहिलेली दोन पत्रं एकाच धाटणीची निघतात. तेच शब्द, तीच वाक्यरचना, दोन्हींत ‘मेहनती आणि प्रामाणिक’. वाचणाऱ्याच्या ते लगेच ध्यानात येतं. मधला मार्ग असा: अंतिम तारखेच्या सहा आठवडे आधी भेटा आणि पत्राऐवजी एका पानाचं टिपण द्या. त्यात सरांच्या आठवणीत असू शकतील अशा दोन-तीन घटना तारखेसह लिहा. निरोप असा पाठवता येईल: ‘सर, नमस्कार. मी अमुक शिष्यवृत्तीसाठी अर्ज करते आहे, शेवटची तारीख अमुक. तिसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत बीओडीच्या वाचनात फरक येत होता आणि मी इनक्युबेटरचं तापमान पुन्हा तपासलं होतं, ते आपल्याला आठवत असेल. त्यावर आपण चार ओळी लिहिल्या तर मला फार मदत होईल. सवडीने कधी येऊ?’ अशा घटनेवर सर स्वतःच्या शब्दांत लिहू शकतात. पत्र महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेलवरून गेलं पाहिजे. साध्या जीमेलवरून आलेलं पत्र काही ठिकाणी स्वीकारत नाहीत. विभागप्रमुखांचं नाव मोठं असतं, पण ज्यांनी तुमचं काम पाहिलंय त्या शिक्षकाचं साधं पत्र त्याहून भारी ठरतं.

नावाची भानगड कागदपत्रांत सगळ्यात जास्त त्रास देते. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर मात्र नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यांत येतं आणि वडिलांचं नाव कधी नावाच्या रकान्यात असतं, कधी नसतंच. परदेशातल्या तपासणाऱ्याला ‘देशमुख स्नेहल विजय’ आणि ‘स्नेहल देशमुख’ ही एकच व्यक्ती वाटेलच असं नाही. म्हणून अर्ज, इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रं, सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव वापरा. फरक राहत असेल तर नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून ठेवा. पासपोर्ट आधी काढा आणि आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा नंतर द्या, उलट क्रम लावू नका. त्या परीक्षेचा निकाल दोन वर्षंच चालतो हेही धरून चाला. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टला, म्हणजे सगळ्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याला, दिवाळी किंवा परीक्षांच्या काळात वेळ लागतो, तेव्हा ते कामही आधी उरका.

सरकारी योजनांची तऱ्हा वेगळी आहे. तिथे निबंधापेक्षा अटींची पूर्तता मोठी. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत पहिल्या २०० मधल्या विद्यापीठाचं विनाअट प्रवेशपत्र लागतं. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत वय ३५ पर्यंत, ६० टक्के गुण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत अशा अटी असून २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताच्या सामाजिक अभ्यासावरचे विषय त्यातून वगळलेले आहेत. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ही ओळ आधी वाचावी. अटी वर्षागणिक बदलतात, म्हणून जुन्या पीडीएफवर विसंबू नका, त्या वर्षाची जाहिरातच बघा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि जातीचं प्रमाणपत्र जाहिरात येण्याआधी हातात असू द्या. आणखी एक पेच असा की विद्यापीठ जागा राखायला अनामत मागतं आणि योजनेचा निकाल लागलेला नसतो. अशा वेळी प्रवेश कार्यालयाला लगेच ईमेल करून निकालाची अपेक्षित तारीख कळवा आणि मुदत वाढवून मागा. मुदत संपल्यावर विचारलं तर जागा जाते.

धरमपेठ-सीताबर्डीतल्या पाट्या बघून पैसे भरण्याआधी हे लक्षात असू द्या की चेव्हनिंग किंवा डाडच्या अर्जाला फी नसते. सल्लागाराला अनेकदा विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, त्यामुळे तो शिष्यवृत्तीपेक्षा प्रवेशाकडे वळवतो.

‘फॉर्म टाकून ठेवतो, लागली तर लागली’ या वृत्तीने दहा अर्ज केलेल्यापेक्षा चार नीट केलेला पुढे जातो. प्रत्येक चांगल्या अर्जाला साठ-सत्तर तास जातात, म्हणजे नोकरी करणाऱ्याचे दोन महिन्यांचे शनिवार-रविवार. घरच्यांना हे आधी सांगा, म्हणजे लग्नसराईत ‘आला नाहीस’ म्हणून रुसवे होणार नाहीत.

नकार बहुतेकदा एका ओळीच्या ईमेलने येतो आणि कारण कळत नाही. त्याच आठवड्यात निबंध पुन्हा उघडू नका. महिनाभराने कामाची वही घ्या, गेल्या अर्जानंतर काय नवीन केलं ते लिहा आणि मग जुन्या निबंधातलं जे वाक्य कुणाच्याही तोंडी बसेल ते खोडायला सुरुवात करा. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायला सहसा बंदी नसते, आणि तेव्हा तेच शिक्षक, तेच टिपण आणि एका वर्षाचे जास्तीचे तास तुमच्याकडे असतात.