नालेसारखी किडनी आणि दुर्बिणीचं ऑपरेशन

मुतखडा असेल म्हणून तासगावात सोनोग्राफी केली. खडा नव्हता, डाव्या किडनीत गाठ निघाली. वर डॉक्टर म्हणाले, "तुमच्या दोन्ही किडन्या खालच्या टोकाला जोडलेल्या आहेत, घोड्याच्या नालेसारख्या." पाठीवर पंप घेऊन बागेत फवारण्या करण्यात उमर गेली, पण कधी पत्ता लागला नाही. चार-पाचशे माणसांत एखाद्याची अशी असते म्हणे. आईच्या पोटात किडन्या वर सरकताना मधला जोड आतड्याच्या एका धमनीखाली अडकतो आणि त्या खालीच राहतात.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. तिथल्या युरॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनी-लघवीच्या डॉक्टरांनी, आधी क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ताची तपासणी) बघितलं, मग शिरेतून औषध सोडून रक्तवाहिन्या दाखवणारी सीटी अँजिओग्राफी करायला लावली. गाठ दिसलीय की, परत खर्च कशाला, असं मनात आलंच. मग त्यांनी स्क्रीनवर दाखवलं. एरवी किडनीला बहुधा एकच मोठी धमनी असते. माझ्या डाव्या बाजूला तीन, त्यातली एक सरळ जोडात शिरलेली. "ही आधी माहीत नसली आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनात तुटली, तर पोट उघडावं लागेल."

पाहुणेमंडळी मात्र निवांत. "दुर्बिणीचं तर आहे, त्यात काय!" बाहेरून भोकं चारच, ते खरं. पण आत एकेक धमनी शोधून क्लिपा लावल्या, जोड स्टेपलरनं कापून शिवला, मग डावा अर्धा भाग गाठीसकट पिशवीत घालून बेंबीखालच्या चिरेतून अख्खा बाहेर काढला. ह्याला लहान ऑपरेशन म्हणणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

शुद्धीवर आलो तर पोटापेक्षा खांदाच ठणकत होता. पोट फुगवायला भरलेल्या गॅसमुळं होतं तसं, सिस्टर म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी लघवीची पिशवी हातात देऊन चालायलाच लावलं.

बायोप्सीत कॅन्सरच आला, पण कापलेल्या कडा स्वच्छ, म्हणजे तिथं कॅन्सर नाही. केमो नाही, किडनीच्या ह्या कॅन्सरवर नेहमीची केमो फारशी चालत नाही. ठरल्या वेळी सीटी आणि क्रिएटिनिन तेवढं चुकवायचं नाही. काही आठवडे द्राक्षाचा क्रेट उचलायला बंदी, छाटणी बांधावर उभं राहून करून घेतली. सगळ्यात जड गेलं ते अंगदुखीच्या गोळ्या सोडणं. आमच्याकडं बागेतून आलं की डायक्लोफिनॅक ठरलेली. उरलेल्या अर्ध्या किडनीला ती चालत नाही, म्हणून मेडिकलवाल्यालाच सांगून ठेवलंय: मी मागितली तरी द्यायची नाही.