ठिबकच्या नळीतला बुळबुळीत थर मोजताना

रावेरकडच्या केळीच्या बागेत लॅटरलचं, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या ठिबक नळीचं, टोक उघडलं की आधी तपकिरी पाणी येतं, मागून बोटाला चिकटणारा बुळबुळीत गाळ. सगळे त्याला शेवाळ म्हणतात. पण काळ्या नळीत ऊन शिरत नाही, तिथे शेवाळ वाढणार कसं? तो जिवाणूंनी स्वतःभोवती विणलेला थर, म्हणजे बायोफिल्म. कशाने तो जास्त धरतो, ते जळगावात ९६ खळग्यांच्या प्लेटवर तपासलं.

गाळ निर्जंतुक सलाईनमध्ये घुसळून न्यूट्रिएंट अगारवर (जिवाणूंच्या घट्ट खाद्यावर) पसरवला आणि वेगवेगळ्या वसाहती शुद्ध केल्या. रात्रभर वाढवलेलं कल्चर ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये (जिवाणूंच्या पातळ खाद्यात) १:१०० विरळ करून खळग्यात २०० मायक्रोलिटर. प्रत्येक जिवाणूला तीन खळगे, तीन नुसत्या ब्रॉथचे. २४ तास प्लेट हलवायची नाही. मग ब्रॉथ झटकून पाण्यात तीनदा अलगद बुडवायची, वाळवायची आणि थराला रंगवणारं जांभळं ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट १५ मिनिटं ठेवायचं. रंग २२५ मायक्रोलिटर घ्यावा: हवेला लागून असलेल्या कडेवर बरेच जिवाणू कडं करतात, रंग कमी पडला तर तेच सुटतं. पुन्हा धुऊन ३० टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये रंग उतरवून ५९० नॅनोमीटरच्या प्रकाशात वाचन; रंग जास्त म्हणजे थर जाड. पिपेटच्या धारेने धुतलं की थर उखडतो; पहिली प्लेट अशीच वाया गेली.

दुसरी प्लेट मे महिन्याच्या उकाड्याने घालवली. नुसता हीटर असलेला इन्क्युबेटर खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली ३८ अंशांवर असताना २८ अंश हवे असतील तर कूलिंगचा बीओडी इन्क्युबेटरच लागतो. कोरड्या हवेत कडेचे खळगे आटून ब्रॉथ दाट होतो आणि वाचन फुगतं. म्हणून कडेला फक्त निर्जंतुक पाणी भरलं, प्लेट ओल्या कापसासह डब्यात ठेवली.

ब्रॉथ झटकण्याआधी ६०० नॅनोमीटरचं वाचन मात्र चुकवू नये; एकूण वाढ किती झाली ते त्यावरून कळतं. तुलनेसाठी शेकरवर हलवत ठेवलेल्या प्लेटमध्ये हवा मिळून जिवाणू भरपूर वाढले, भिंतीला मात्र कमी चिकटले. नुसता जांभळा रंग पाहून हा फरक कळला नसता. १ टक्का ग्लुकोजने काहींचा थर दाट झाला. काहींनी इतकं आम्ल केलं की वाढच खुंटली. विहिरीचं पाणी ब्रॉथएवढं सकस नसतं, म्हणून दहापट विरळ केलेल्या ब्रॉथचा निकाल मला जास्त विश्वासाचा वाटतो.

बागेत याचा अर्थ सरळ आहे. खत सोडून लगेच पंप बंद केला की नळीत अन्न, ऊब आणि स्थिर पाणी तिन्ही उरतं. शेवटची १५-२० मिनिटं साधं पाणी चालवावं. जिवाणू मारायला क्लोरीन सोडियम हायपोक्लोराइटचं, शेवटच्या ड्रिपरला १ ते २ पीपीएम मिळेल इतकं. आपल्या जड पाण्यात ब्लीचिंग पावडरचा चुना उलट ड्रिपर बुजवतो. पाण्याचा सामू (पीएच) ७ च्या खाली हवा, पण ॲसिड आणि क्लोरीन एका टाकीत कधीच नाही, विषारी वायू सुटतो.

बॅसिलस सबटिलिससारखे जिवाणू मुळांवर असाच थर धरतात आणि तिथे तो हवाच असतो. त्यांचे वाणही याच प्लेटवर निवडता येतात. फक्त क्लोरीन आणि जैविक खत एकाच दिवशी ठिबकमधून सोडू नका. ते नळीतच मरतं.